सोलापुरात १६६८ सालचे स्पॅनिश ठाणे उभे करायचे असेल तर

चाच्यांचा काळ रंगमंचावर आणायचे ठरले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर काळा झेंडा, एका डोळ्यावरची पट्टी आणि खांद्यावरचा पोपट येतो. स्नेहसंमेलनाच्या नाटुकलीला तेवढे पुरते. इतिहासाच्या पुनर्प्रयोगाला, म्हणजे ज्याला इंग्रजीत रीइनॅक्टमेंट म्हणतात त्या प्रकाराला, ते मुळीच पुरत नाही; कारण त्यात एखाद्या ठरावीक काळातील माणसे काय नेसत, काय रांधत, पैसे कशाने मोजत आणि संकट दारात आले की कुठे धावत, हे पुराव्याला धरून स्वतःच्या अंगावर घ्यायचे असते. म्हणून सोलापुरात हा उद्योग करू पाहणाऱ्यांना माझे पहिले सांगणे हे आहे की चाच्यांपासून सुरुवात करू नये, ज्या गावावर ते चालून आले त्या गावापासून करावी. गाव नीट उभे राहिले, तिथली चूल पेटली, पहाऱ्यावरचा शिपाई जांभई देताना दिसला, तरच रात्री किनाऱ्याला लागणाऱ्या होड्यांची भीती पाहणाऱ्याला वाटते.

साल आणि गाव पक्के करणे

‘सतरावे शतक’ किंवा ‘स्पॅनिश वसाहत’ एवढे मोघम ठरवून काम भागत नाही. एक गाव आणि एक साल निवडावे. आमच्या गटाने फ्लोरिडातील सान आगुस्तीन हे ठाणे आणि १६६८ चा मे महिना निवडला, आणि नव्याने सुरू करणाऱ्यांनाही मी हाच प्रसंग सुचवीन. आज सेंट ऑगस्टीन या नावाने ओळखले जाणारे हे गाव पेद्रो मेनेंदेस दे आविलेस याने ८ सप्टेंबर १५६५ रोजी वसवले. ते सोन्याचांदीचे गाव नव्हते. मेक्सिको आणि क्यूबाकडून चांदी घेऊन स्पेनला परतणाऱ्या गलबतांच्या वाटेवर नजर ठेवणारे ते एक गरीब लष्करी ठाणे होते, आणि तिथल्या शिपायांचा पगार व धान्य ‘सितुआदो’ नावाच्या वार्षिक रकमेतून मेक्सिकोहून येत असे. ती रक्कम वरचेवर रखडे. पुनर्प्रयोगातल्या प्रत्येक शिपायाने हे मनात धरून वावरावे. थकलेल्या पगाराची वाट पाहणारा माणूस वेगळाच उभा राहतो.

१६६८ च्या मे महिन्यात जमैकाहून आलेल्या रॉबर्ट सर्ल या इंग्रज लुटारूने मेक्सिकोतील व्हेराक्रूझ बंदरातून पीठ घेऊन येणारे स्पॅनिश जहाज आधीच पकडले होते. गाव त्याच जहाजाची वाट पाहत होते. ओळखीचे जहाज दिसल्यावर बंदराचा वाटाड्या होडीने सामोरा गेला, सारे ठीक असल्याची खूण झाली आणि गाव निर्धास्त झोपले. रात्री मासे धरायला गेलेल्या मिगेल दे मोन्सोन या शिपाई नाईकाला होड्यांची चाहूल लागली. जखमी होऊनही त्याने किल्ल्यापर्यंत येऊन हाकाटी केली, पण तोवर उशीर झाला होता. त्या हल्ल्यात सुमारे ६० माणसे मेली. गव्हर्नर फ्रान्सिस्को दे ला गेर्रा लाकडी किल्ल्याकडे पळाला, किल्ला टिकला, गाव मात्र लुटले गेले. या धक्क्यामुळेच पुढे २ ऑक्टोबर १६७२ रोजी दगडी किल्ल्याचे काम सुरू झाले आणि १६९५ मध्ये ते पूर्ण झाले. कास्तियो दे सान मार्कोस हा तो किल्ला, समुद्री शिंपल्यांपासून बनलेल्या कोकिना नावाच्या मऊ दगडाचा. तोफेचा गोळा त्यात रुतून बसे, भिंत तडकत नसे.

या एका प्रसंगात लागेल ते सगळे आहे: रोजचे जगणे, वाट पाहणे, फसगत, हल्ला, आणि नंतरची ओलिसांची देवघेव. शिवाय सोलापूरकराला हे साल परके वाटू नये, कारण १६६८ मध्येच आपला भुईकोट किल्ला तहाने विजापूरच्या आदिलशाहीकडून मोगलांकडे गेला. सूत्रधाराने निवेदनाच्या सुरुवातीला एवढे एक वाक्य सांगितले, तरी समोर बसलेल्या माणसांना काळाचा अंदाज येतो.

साल पक्के झाले की वगळायच्या गोष्टी आपोआप ठरतात. कवटीचा काळा झेंडा वगळावा, कारण त्याचे पक्के उल्लेख १७०० च्या आसपास सुरू होतात. तीन कोपऱ्यांची टोपीही वगळावी, ती नंतरची आहे. इथे रुंद काठाची साधी नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची टोपी हवी. कैद्याला फळीवरून समुद्रात चालत जायला लावणे हा बहुतांशी कथाकादंबऱ्यांचा खेळ आहे. ठाण्यावर पांढऱ्या कापडावर खडबडीत तांबडी फुली असलेला बर्गंडीच्या क्रॉसचा झेंडा लावावा; तो घरच्या शिलाई यंत्रावर एका दुपारी तयार होतो. हुकूम कार्लोस दुसरा याच्या नावाने वाचावेत. तो राजा तेव्हा सहा वर्षांचा होता आणि कारभार त्याची आई मारियाना पाहत होती.

कापड आणि शिवण

या भागावर मी सर्वांत अधिक वेळ घालवतो, आणि सोलापूरच्या माणसाने तो घालवलाच पाहिजे, कारण कापड ही आपली विद्या आहे. मात्र आपल्या शहराची एक सवय इथे आड येते. सोलापुरात गणवेश शिवण्याचा मोठा धंदा आहे. शिंप्याला ‘बारा शिपाई’ म्हणून सांगितले की तो एका थानातून, एका मापाच्या, एकसारख्या बारा जोड्या काढून देतो. आमच्या पहिल्या प्रयोगात नेमके हेच झाले आणि रांगेत उभे राहिलेले आमचे लोक एखाद्या बँडपथकासारखे दिसले. १६६८ च्या स्पॅनिश शिपायाला गणवेशच नव्हता. ज्याच्याकडे जे होते ते त्याने घातले, फाटले तिथे ठिगळ लावले, मेलेल्या साथीदाराचा अंगरखा लिलावात विकत घेतला. त्यामुळे शिंप्याला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे की दोन पोशाख एकसारखे नकोत, आणि प्रत्येकाचे कापड वेगवेगळ्या दुकानातून आणावे.

सर्वांच्या अंगात आधी ‘कामिसा’ असते, म्हणजे मांडीच्या मध्यापर्यंत येणारा सैल सदरा. मुळात तो जवसाच्या खोडाच्या धाग्यापासून विणलेल्या लिननचा. आपल्याकडे न धुतलेला मांजरपाट किंवा मध्यम खादी चालते. त्याची बेतणी पूर्णपणे चौकोनांची आहे: पुढचा-मागचा भाग एकच लांब पट्टा, बाह्या दोन आयत, काखेत चौबगला म्हणजे जोडाचा चौकोनी तुकडा, मनगटावर चुण्या. जुन्या शिंप्याला चौबगला हा शब्द उच्चारला की पुढे काही समजवावे लागत नाही. सिद्धेश्वर यात्रेतील मानकऱ्यांच्या पांढऱ्या बाराबंद्या ज्याने शिवल्या आहेत, त्याला बंदांनी कपडा आवळण्याची रीत ठाऊक असतेच, आणि या काळातील स्पॅनिश पोशाखातही गुंड्यांइतकाच भर बंदांवर आहे. छत्तीस इंच पन्ह्याच्या कापडात एका सदऱ्याला साधारण साडेतीन मीटर लागतात.

त्यावर ‘हुबोन’, म्हणजे अंगाला घट्ट बसणारी, अस्तर लावलेली बंडी. तिच्या कमरेच्या आतल्या बाजूला भोके पाडून त्यांतून नाड्या ओवाव्यात आणि गुडघ्यापर्यंतची ‘काल्सोनेस’ ही तुमान त्या नाड्यांनी बंडीला बांधावी. असे बांधले की कमरपट्ट्याशिवाय तुमान टिकते, आणि माणसाची पाठ आपसूक ताठ राहते. हा फरक दुरूनही कळतो. पायांत गुडघ्यापर्यंतचे बिनरंगी सुती मोजे घालून वर फितीने आवळावे. जोडे मोच्याकडून करून घेताना डावा-उजवा भेद नसलेला सरळ तळ मागावा, कारण त्या काळी जोडे तसेच असत. ते पंधरा दिवस घरात वापरून मऊ करावेत. गरिबाच्या पायांत दोरीच्या तळाच्या चपलाही चालतात. चेन, वेलक्रो, प्लॅस्टिकची गुंडी आणि चकाकणारे साटीन यांतले काहीही दिसता कामा नये.

बायकांचा पोशाख या प्रकारात नेहमी दुर्लक्षित राहतो आणि शेवटी कोणीतरी घरातला लांब घागरा नेसून येते. तसे करू नये. त्यांनाही आत लांब कामिसा, त्यावर दोन थरांचा चुण्यांचा परकर, वर बांधीव चोळीसारखी घट्ट बंडी आणि डोक्यावरून खांद्यावर घेतलेली साधी ओढणी लागते. सान आगुस्तीनमध्ये अनेक शिपायांच्या बायका स्थानिक आदिवासी समाजांतल्या होत्या, म्हणून घरात स्पॅनिश आणि तिथले असे दोन्ही जगणे एकत्र नांदत होते; तिथल्या उत्खननांत मेक्सिकोच्या काळ्या दगडाचे पाटे सापडले आहेत, त्यांवर मका वाटला जाई. पाटा-वरवंट्यावर हात बसलेली बाई आपल्याकडे अजून सापडते. ती एका कोपऱ्यात मका वाटत बसली, तरी अर्धे घर उभे होते.

रंगांत संयम ठेवावा. मेंढीच्या लोकरीचा नैसर्गिक काळा-तपकिरी, निळीचा निळा, हिरडा आणि लोखंडाच्या पाण्याने येणारा करडा-काळा, मंजिष्ठेचा फिकट तांबडा एवढे पुरेत. झळझळीत किरमिजी रंग निवडुंगावर वाढणाऱ्या किड्यांपासून मेक्सिकोत निघे आणि चांदीखालोखाल महाग निर्यातीचा माल होता, म्हणून तो फक्त गव्हर्नरच्या अंगावर, तोही एखाद्या पट्ट्यापुरता असावा. झग्यासाठी आणि पहाऱ्यावरच्या पांघरुणासाठी आपली धनगरी घोंगडी उत्तम. तिची जाडी, वास आणि ओबडधोबड कड सारे जुळते. सोलापुरी चादर मात्र आणू नये. तिच्यावरचा मोर आणि देवळाची नक्षी आपल्याला इतकी ओळखीची आहे की ती दिसताच माणूस स्पॅनिश ठाण्यातून उठून थेट घरच्या पलंगावर येतो.

बंदुका, तलवारी आणि कायदा

त्या ठाण्यातील मुख्य हत्यार होते तोड्याची बंदूक. मराठीत यासाठी तयार शब्द आहेत, ते वापरावेत: ठासणे, रंजक भरणे, जामगी शिलगावणे, बार काढणे. सोऱ्यात भिजवलेल्या सुती दोरीची वात, म्हणजे तोडा, सतत धुमसत ठेवावा लागे. घोडा ओढला की ती वात रंजकदाणीतल्या, म्हणजे नळीच्या बाजूच्या लहान वाटीतल्या, बंदुकीच्या दारूवर टेकून बार निघे. पावसात हे सारे निकामी होई, आणि अंधारात धुमसत्या वातीचा ठिपका शत्रूला पहारेकऱ्याची जागा सांगे. त्या काळच्या कवायतीत एकदा बंदूक भरून डागण्याच्या क्रियेचे चाळीसहून अधिक तुकडे पाडलेले असत. आपण त्यांतले दहा-बारा निवडावेत आणि महिनाभर रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे घोटावेत. सगळ्यांचा ठासायचा गज एकाच क्षणी खाली आला की न उडणारी बंदूकही खरी वाटते.

ती न उडणारीच हवी, याबाबत मी कोणतीही सवलत देत नाही. नळीसाठी सागाचा किंवा बाभळीचा भरीव दांडा, म्हणजे आरपार भोक नसलेला, वापरावा आणि तोड्याच्या जागी न पेटवलेली सुती दोरी गुंडाळावी. खरी ठासणीची बंदूक, घरी बनवलेली दारू किंवा फटाक्यांतून काढलेली दारू यांपैकी कशालाही हात लावू नये. शस्त्र अधिनियम १९५९ आणि स्फोटक अधिनियम १८८४ यांखाली तो गुन्हा ठरू शकतो, आणि बोटे जातात ती निराळीच. शस्त्रांच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचाही उल्लेख आहे, म्हणून तलवारी लाकडाच्या, बोथट टोकाच्या कराव्यात आणि मैदानापर्यंत गुंडाळूनच न्याव्यात. शहरात वेळोवेळी जमावबंदीचे आणि शस्त्रबंदीचे आदेश निघतात. निदान तीन आठवडे आधी जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा, सोबत लाकडी हत्यारांची छायाचित्रे जोडावीत आणि अर्जाची पोचप्रत कार्यक्रमाच्या दिवशी खिशात ठेवावी. बाराच्या आवाजासाठी पडद्याआड रिकाम्या पत्र्याच्या पिंपावर दांडका मारला तरी चालते.

जागा आणि ऋतू

भुईकोट किल्ला पाहून मोह होतो, पण तो केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे. परवानगीशिवाय तिथे प्रयोग करता येत नाही, आणि चूल पेटवण्याचा विचारही करू नये. आम्हाला शहराबाहेरचे शेत अधिक सोयीचे पडले. बांबू, तट्ट्या आणि शेणाने सारवलेली जमीन एवढ्यावर लाकडी ठाणे उभे राहते, आणि १६६८ चा किल्ला लाकडीच, तोही कुजत आलेला होता. होड्यांचे दृश्य पाण्याकाठी हवे असेल तर हिप्परग्याच्या तलावाचा काठ डोळ्यांसमोर येईल. तिथे संबंधित खात्याची परवानगी घ्यावी, आणि माणसांना पाण्यात उतरवण्याऐवजी काठाच्या आडून वल्ह्यांचा आवाज काढावा. प्रसंगातही मोन्सोनला सुगावा लागला तो अंधारातच.

कार्यक्रम नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेर ठेवावा. मे महिना इतिहासात असला तरी सोलापूरच्या मे महिन्यात अस्तराची बंडी घालून कोणाला उभे करणे धोक्याचे आहे. जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते, शिंपी आणि पोलीस दोघेही गुंतलेले असतात.

चूल

खाण्यात फार पसारा करू नये. त्या ठाण्यात मका, घेवड्याच्या जातीचे दाणे, भोपळा, मासे आणि शिंपले हे रोजचे. गव्हाचे पीठ मेक्सिकोहून जहाज आले तर. रात्रभर भिजवलेला राजमा, लाल भोपळ्याच्या फोडी आणि भरडलेला मका एका मातीच्या भांड्यात तीन दगडांच्या चुलीवर दोन-अडीच तास शिजवावा, मीठ घालावे आणि बस्स. फोडणी, हळद, काळा मसाला नको. मिरची, शेंगदाणा, सीताफळ ही सारी अमेरिकेचीच देणगी असली, तरी शेंगाचटणी या ठाण्यात शोभत नाही.

जहाजावरचे ‘बिस्कोचो’ करायचे असेल तर अर्धा किलो गव्हाचे पीठ, चिमूटभर मीठ आणि सुमारे दोनशे मिलिलिटर पाणी घेऊन घट्ट गोळा मळावा, सेंटीमीटरभर जाड लाटून वड्या पाडाव्यात, काट्याने भोके पाडून मंद आचेच्या भट्टीत दोन तासांहून अधिक वेळ भाजावे आणि ओल उरू देऊ नये. कडक भाकरी ज्यांनी डब्यात महिनाभर टिकवली आहे, त्यांना यामागचे कारण सांगावे लागणार नाही.

नाण्यांसाठी पत्र्याचे ओबडधोबड तुकडे कापावेत. त्या काळची बहुतेक आठ रेआलची नाणी हातोड्याने ठोकलेली, वाकडीतिकडी, सुमारे २७ ग्रॅम चांदीची असत. ही चांदी जहाजांतून सुरतेपर्यंत येई आणि तिथल्या टांकसाळीत वितळून रुपये होई; निवेदकाने हे एक नाणे हातात धरून सांगावे.

दोन दिवसांची बांधणी

पंधरा माणसे पुरतात. सहा शिपाई, तीन बायका, एक गव्हर्नर, एक फ्रान्सिस्कन पाद्री, एक ‘एस्क्रिबानो’ म्हणजे कारकून, आणि उरलेले सर्लचे लोक. कारकुनाची भूमिका सर्वांत हुशार माणसाला द्यावी; टाक, दौत आणि हातकागद घेऊन बसलेला हाच माणूस लोकांच्या प्रश्नांना उत्तरे देतो, कोठारातले पीठ मोजतो आणि हल्ल्यानंतर मेलेल्यांची यादी वाचतो. पाद्रीची भूमिका करणाऱ्याने शहरातील एखाद्या चर्चमध्ये जाऊन विधी आणि हावभाव नम्रपणे विचारून घ्यावेत, त्या भूमिकेत थट्टा येऊ देऊ नये.

पहिल्या दिवशी सकाळपासून फक्त रोजचे जगणे ठेवावे: मका वाटणे, जाळे विणणे, कवायत, घंटेवर थांबणे. दुपारी जहाज दिसल्याची आरोळी आणि आनंद. अंधार पडल्यावर पहारेकऱ्याचे ‘किएन विवे?’ हे आव्हान तीनदा ऐकू यावे, चौथ्यांदा उत्तर येऊ नये. हल्ला दहा मिनिटांत संपवावा. दुसऱ्या दिवशी सकाळी ओलिसांच्या बदल्यात पाणी, मांस आणि सरपण देण्याचा व्यवहार सावकाश दाखवावा. पाहणारे इथेच सर्वांत शांत होतात, असा माझा अनुभव आहे.

एक गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. सर्लने आदिवासी, मिश्रवंशीय आणि कृष्णवर्णीय माणसे गुलाम म्हणून विकण्यासाठी पळवली. हे अभिनयाने दाखवू नये, चेहरे काळे रंगवणे तर कदापि करू नये; सगळे पात्र जागच्या जागी थांबावेत आणि निवेदकाने ते साध्या शब्दांत सांगावे. त्याला जोडून हेही सांगता येते की पुढे १७३८ मध्ये याच गावाच्या उत्तरेस इंग्रजांच्या गुलामीतून पळून आलेल्या कृष्णवर्णीयांचे मोसे हे स्वतंत्र ठाणे वसले. प्रेक्षकांतून कान्होजी आंग्रे यांचा विषय हमखास निघतो. इंग्रजांनी त्यांना चाचे म्हटले, पण ते मराठा आरमाराचे सरखेल होते आणि आपल्या किनाऱ्यावरचा दस्तकाचा, म्हणजे जहाजांना परवाना देण्याचा, हक्क बजावत होते. सर्लशी त्यांची बरोबरी करू नये, हे कारकुनाला आधीच सांगून ठेवावे.

प्रयोग संपल्यावर लाकडी हत्यारे मोजून पेटीत बंद करावीत आणि संख्या अर्जातल्या संख्येशी ताडून पाहावी. सदरे साध्या पाण्यात धुवावेत, पण डाग खरडून काढू नयेत, पुढच्या वेळी तेच उपयोगी पडतात. घोंगड्या दोन दिवस उन्हात टाकून, वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्यासह गाठोड्यात बांधाव्यात. एका वहीत प्रत्येक वस्तूपुढे ती कोणत्या पुराव्यावरून केली ते त्याच आठवड्यात लिहून काढावे, आणि जिच्यापुढे काही लिहिता येत नाही ती वस्तू पुढच्या प्रयोगातून काढून टाकावी.